‘डिरायसिव्हली’ : उपहासाने म्हणजे नेमकं कसं?

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याची चिठ्ठी आली. ‘डिरायसिव्हली’ या इंग्रजी क्रियाविशेषणाला मराठीत एक शब्द द्या. चिठ्ठी एका ओळीची, पण आम्हाला आठवडाभर पुरली.

कोशातलं उत्तर सोपं आहे : उपहासाने. हेटाळणीने, कुत्सितपणेही चालेल. ‘उपहासात्मकपणे’ मात्र लिहू नका, तो सरकारी पत्रातला शब्द वाटतो. मराठीत पुष्कळदा क्रियाविशेषण लागतच नाही, क्रियापदच काम भागवतं : टर उडवली, खिल्ली उडवली, नाक मुरडलं.

आता मुळाकडे जाऊ. लॅटिन क्रियापदात ‘हसणे’ आहे आणि त्याआधी ‘खाली’ या अर्थाचा उपसर्ग. हसून खाली पाडणे. आपल्या नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत, त्यात एक ‘उपहसित’ : नाकपुड्या फुललेल्या, नजर तिरपी. ते हसू दिसतं कसं, एवढंच त्यातून कळतं. स्पिनोझा आणखी आत शिरतो. त्याचं ‘एथिक्स’ १६७७ साली, त्याच्या मृत्यूनंतर, छापलं गेलं. त्यात निखळ हसणं आणि उपहास वेगळे काढलेत. दोन्हींत आनंद आहेच. पण उपहासातला आनंद हा, ज्याचा आपल्याला तिटकारा आहे त्याच्यात तुच्छ मानण्याजोगं काहीतरी सापडल्याचा.

म्हणून हे क्रियाविशेषण जपून वापरायचं. ‘तो हळू बोलला’ यावर दोघांचं सहसा एकमत होतं. ‘तो उपहासाने बोलला’ यावर होईलच असं नाही, कारण इथे आपण दुसऱ्याच्या मनाबद्दल साक्ष देतो आहोत. काही ठिकाणी साक्ष कागदावरच असते म्हणा. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली ‘निबंधमाला’ सुरू केली. तिच्यात जोतीराव फुल्यांच्या लेखनावर टीका करताना त्यांनी जोतीरावांच्या व्याकरणाचीही टर उडवली. तिथे ‘उपहासाने’ लिहायला आम्ही कचरणार नाही. ‘गुलामगिरी’ त्याच्या आदल्याच वर्षी, १८७३ला आली होती. तिच्यातला प्रश्न जातीच्या सत्तेचा. विभक्ती सुधारून तो कसा सुटणार?

पण आमच्याच वर्गातली एक गोष्ट सांगतो, ती इतकी सरळ नाही. सोलापुरात पूर्व भागातली पुष्कळ मुलं घरी तेलुगू बोलतात, हे तुम्हाला माहीत आहेच. तसाच एक विणकराचा मुलगा तत्त्वज्ञानाच्या तासाला उभा राहिला. म्हणाला, “सर, आत्मा बदलतच नसली, तर ती शिकते कशी?”

मराठीत आत्मा पुल्लिंगी. वर्ग खो खो हसला. आम्हीही हसलो. प्रश्न अव्वल होता, भल्याभल्या वेदान्त्यांना घाम फुटेल असा. तास संपला आणि उत्तर द्यायचं राहून गेलं.

जिन्यात त्याने गाठलं. “सर, तुम्ही पण?”

“अरे, आम्ही कौतुकाने हसलो.”

“मला कसं कळणार सर? सगळ्यांचं हसणं सारखंच दिसलं.”

त्या वर्षी तो पुन्हा प्रश्न विचारायला उभा राहिला नाही.