मनगटी घड्याळाची निवड

शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुलास अथवा मुलीस वडील माणसांनीं घड्याळ द्यावें, हा रिवाज प्रत्येकाच्या खिशांत फोन आला तरी आपल्याकडे मोडलेला नाहीं. मात्र खरेदीस निघालेल्या मंडळींचें लक्ष प्रथम तबकडीवरील नांवाकडे जातें, नंतर किंमतीकडे, आणि ज्यावर घड्याळ बसावयाचें त्या मनगटाकडे सर्वांत शेवटीं. आमच्या मतें हा क्रम अगदीं उलट असावा. आणि ज्या घरांत ही खरेदी चार महिने शिल्लक टाकून होते, तेथें तर तो उलट असलाच पाहिजे.

मनगट मोजण्यास कागदाची एक अरुंद पट्टी पुरते. ती मनगटाभोंवतीं गुंडाळावी, खूण करावी आणि फूटपट्टीवर मापावी. घेर १५ सेंटिमीटरांच्या आसपास भरल्यास मनगट बारीक, १७ भरल्यास मध्यम, असें स्थूल मानानें समजावें. जाहिरातींत घड्याळाचा व्यास ठळक छापलेला असतो. पण तेवढ्यावर विसंबूं नये. पट्टा ज्यांत बसतो त्या वरखालच्या पायांस दुकानदार ‘लग’ म्हणतात. एका बाजूच्या लगाच्या टोंकापासून समोरच्या लगाच्या टोंकापर्यंतचें अंतर हेंच खरें माप होय. तें मनगटाच्या सपाट भागाबाहेर गेलें, कीं घड्याळ हातावर बसत नाहीं, नुसतें टेंकतें. बाहीस अडतें आणि दाराच्या चौकटीवर आपटतें. तेवढ्याच लांबीचा कागद कापून मनगटावर ठेवून पाहिल्यास फोनवरून मागविणाराचीहि फसगत टळते. मोठें घड्याळ तेवढें पुरुषी, ही कल्पना तर अलीकडची आहे. १९५० च्या सुमारास पुरुषांचीं घड्याळें बहुधा ३१ ते ३६ मिलिमीटर व्यासाचींच असत.

आतां किंमतीविषयीं. अचूक वेळेसाठीं फार पैसे मोजावे लागण्याचा काळ १९६९ नंतर हळूहळू सरला. त्या वर्षाच्या डिसेंबरांत जपानच्या सेको कंपनीनें क्वार्ट्झचें पहिलें मनगटी घड्याळ विक्रीस काढलें. त्याची किंमत तेव्हां एका लहान मोटारीएवढी होती. अशा घड्याळांत स्फटिकाचा एक इवलासा चिमटा सेलच्या विजेनें सेकंदास ३२,७६८ वेळां कंप पावतो. हा आंकडा लहरीनें घेतलेला नाहीं. त्याचे निम्मे, पुन्हां निम्मे, असें पंधरा वेळां करीत गेल्यास बरोबर १ उरतो; तोच सेकंदकांट्याचा एक ठोका. गणिताच्या वर्गांतील मुलांनीं हें करून पाहावें. साधें क्वार्ट्झ महिन्यांत पंधराएक सेकंद चुकतें. किल्लीचें साधें घड्याळ तेवढें एका दिवसांत चुकूं शकतें. म्हणून हजार-दीड हजारांत मिळणारें सोनाटा अथवा कॅसिओ घेणारानें वेळेच्या बाबतींत कमीपणा मानण्याचें कारण नाहीं. किल्लीच्या वा ऑटोमॅटिक घड्याळास जो ज्यादा पैसा पडतो, तो कारागिरीचा व हौसेचा होय.

त्याच दीड हजारांत बड्या स्विस नांवाचें घड्याळ कोणी पुढें केलें, तर तें नांव खोटें आहे हें निश्चित समजावें. तबकडीवर तीन लहान तबकड्या दिसतात. त्या पुष्कळदां नुसत्या छापलेल्या असतात. घामानें मुलामा उडतो आणि आंतील हलक्या धातूनें कित्येकांच्या कातडीवर पुरळ उठतें. नव्या नोकरीवर रुजू होणाऱ्या तरुणानें पहिल्या पगारांतून असें कांहीं घ्यावें, याचें आम्हांस फार वाईट वाटतें. पाठीचें झाकण तरी स्टेनलेस स्टीलचें आहे ना, एवढें अवश्य पाहावें.

घरांत वडिलांचें वा आजोबांचें एच्. एम्. टी. पडलें असेल, तर बाजारांत जाण्यापूर्वीं तें बाहेर काढावें. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानें १९६१ सालीं बंगळूर येथें हीं घड्याळें होऊं लागलीं. २०१६ सालीं सरकारनें ती घड्याळकंपनी बंद करण्याचें ठरविलें. त्यांतील ‘जनता’ हें सतरा माणकांचें, रोज किल्ली द्यावयाचें घड्याळ, सुमारें ३५ मिलिमीटरांचें असल्यामुळें बारीक मनगटासहि शोभतें. वर्षानुवर्षें पडून राहिल्यानें आंतील तेल सुकलेलें असतें. तेव्हां किल्ली पिळीत न बसतां तें घड्याळजीकडे न्यावें आणि साफ करून तेल घालून घ्यावें. तबकडी मात्र रंगवूं देऊं नये. जुन्या तबकड्यांवर भडक रंग चढवून तीं घड्याळें नवींच म्हणून विकणारे पुष्कळ आहेत. अक्षरांची छपाई वांकडीतिकडी दिसली, कीं ओळखावें.

राहिला पट्टा, आणि घड्याळ रोज हातावर चढतें कीं खणांत पडतें, हें बहुतांशीं त्यावरच ठरतें. दोन लगांमधील फट १८, २० अथवा २२ मिलिमीटरांची असते. पट्टा नेमका तेवढाच रुंद घ्यावा. अरुंद असल्यास तो फटींत सरकतो, रुंद असल्यास दुमडतो. बारीक मनगटावर नेहमींच्या पट्ट्याचें शेंपूट लोंबत राहतें, यास्तव आंखूड पट्टा मागून घ्यावा. चेन हवी असल्यास जादा कड्या तेथेंच काढून घ्याव्या, व त्या टाकून न देतां जपून ठेवाव्या. पट्टा बांधल्यावर खालून करंगळी जाईल इतकी सैल जागा असावी, कारण उन्हाळ्यांत मनगट किंचित् फुगतें. चामड्याचा पट्टा समारंभास व थंडीस उत्तम. परंतु कोंकणांतील पावसाळ्यांत त्यावर बुरशी चढते व घामानें तो कुजतो. घड्याळावर ‘३० मीटर’ असें लिहिलें असल्यास तें पावसाचे चार थेंब सोसतें, पोहण्यास चालत नाहीं, हेंहि येथेंच सांगून टाकतों.

पावसाच्या चार महिन्यांसाठीं आम्ही नायलॉनचाच पट्टा सुचवूं. तो स्वस्त असतो, धुतां येतो व लवकर वाळतो. यांतील एकसंध जातीचा नमुना ब्रिटिश संरक्षण खात्यानें १९७३ सालीं आपल्या सैनिकांसाठीं ठरविला होता. तो घड्याळाच्या पाठीखालून आरपार जातो. त्यामुळें एका बाजूची पिन तुटली तरी घड्याळ दुसऱ्या पिनेवर हातासच लटकून राहतें.