पाठीतलं पाणी: भीती किती, तथ्य किती?

‘पाठीतलं पाणी काढावं लागेल,’ असं डॉक्टरांनी म्हणताच रुग्णाआधी घरच्यांचा धीर सुटतो. मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचा हा नितळ द्रव अनेक आजारांचा माग देतो. भीतीपोटी तपासणी टाळली, तर निदान लांबतं.

गैरसमज: सुईने पाय लुळे पडतात.
वस्तुस्थिती: प्रौढांचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळ संपतो. सुई त्याच्या खाली, बहुधा तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यामधल्या फटीत घालतात. तिथे द्रवात तरंगणाऱ्या नसा असतात. त्या सहसा सुईपासून बाजूला सरकतात. नंतर काही दिवस डोकं दुखू शकतं; बोथट टोकाची बारीक सुई वापरली, तर हा त्रास कमी होतो. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, तर आधी डॉक्टरांना सांगा.

गैरसमज: काढलेलं पाणी भरून येत नाही.
वस्तुस्थिती: शरीरात हा द्रव सुमारे १५० मिलिलिटर असतो आणि दिवसाला जवळपास ५०० मिलिलिटर नव्याने तयार होतो. तपासणीसाठी १०-१५ मिलिलिटर पुरतात.

गैरसमज: दिवसा सारखी झोप येणं हा आळसच; त्याची कसली तपासणी?
वस्तुस्थिती: नार्कोलेप्सी या झोपेच्या विकाराच्या पहिल्या प्रकारात जागं ठेवणारं हायपोक्रेटिन हे रसायन बनवणाऱ्या मेंदूतल्या पेशी नष्ट होतात. रुग्ण बोलता-बोलता झोपतो. खळखळून हसताना त्याचे गुडघे अचानक लटके पडतात. या रसायनाचा शोध १९९८मध्ये लागला. २०००मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ९ रुग्णांचा द्रव तपासला, तेव्हा ७ जणांमध्ये ते सापडलंच नाही. आज मिलिलिटरमागे ११० पिकोग्रॅम किंवा त्याहून कमी पातळी हा या प्रकाराचा भक्कम पुरावा मानतात. रक्त तपासून हे खात्रीने कळत नाही.

गैरसमज: रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे आजार नाही.
वस्तुस्थिती: नार्कोलेप्सीच्या दुसऱ्या प्रकारात हायपोक्रेटिन कमी झालेलं नसतं. तिथे रात्रीची झोप आणि दिवसाच्या डुलक्या मोजणाऱ्या चाचण्याच कामी येतात.

गैरसमज: विसरायला होतंय, तर पाणी तपासून घ्यावंच.
वस्तुस्थिती: अल्झायमरमध्ये अमायलॉइड हे प्रथिन मेंदूत साचतं, म्हणून द्रवातलं अमायलॉइड बीटा-४२ घटतं आणि टाऊ हे दुसरं प्रथिन वाढतं. पण थायरॉइडचे विकार, बी-१२ची कमतरता आणि नैराश्य यांमुळेही विसरायला होतं. ते आधी तपासतात. नमुना कसा घेतला, हेही महत्त्वाचं: अमायलॉइड काचेला चिकटतं आणि आकडा खोटाच कमी दिसतो. म्हणून पॉलिप्रॉपिलीनची नळी लागते.

डॉक्टरांनी ही तपासणी सुचवली, तर नाही म्हणण्याआधी दोन प्रश्न विचारा: यातून नेमकं काय शोधताय, आणि उत्तर मिळाल्यावर उपचारात काय बदलेल? उत्तरं पटली, तर निर्धास्तपणे पाठ पुढे करा.