आधी भाषा, मग राजकारण

दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात बारावीनंतर रशियन, चिनी, अरबी अशा भाषांत बी.ए. ऑनर्स करता येते. आंतरराष्ट्रीय संबंधांचे शिक्षण तिथे मुख्यतः एम.ए.पासून पुढे. हा क्रम शहाणपणाचा वाटतो. परराष्ट्र सेवेची परीक्षा कोणत्याही शाखेच्या पदवीधराला देता येते, पण निवड झाल्यावर नेमून दिलेली परकी भाषा शिकल्यावाचून सुटका नाही. नुसत्या भाषेवर माणूस दुभाषाच राहतो, हा आक्षेप रास्त. मात्र करारांचा इतिहास, सत्तासमतोलाचे सिद्धान्त पुढे वाचून भरून काढता येतात. चिनी लिपीची हजारो चिन्हे तिशीत घोटायला बसणे जिकिरीचे. यंत्र भाषांतर करते, खरे. पण संयुक्त निवेदनात मुद्दाम मोघम ठेवलेला शब्द ते बिनदिक्कत सरळ करून टाकू शकते.