साथ, संग्राम आणि डॉक्टरचे घर

युद्धावर गेलेल्या सैनिकाच्या घराविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे; लष्करी डॉक्टरच्या घराविषयी मात्र क्वचितच. वास्तविक त्याची ताटातूट अधिक विलक्षण असते. घरात रोग शिरतो तेव्हा ज्या माणसाची सर्वांत अधिक गरज असते, तोच दूर कुठेतरी परक्यांची नाडी पाहत असतो. हा केवळ दैवयोग आहे काय? मला तसे वाटत नाही. युद्ध आणि साथ एकाच वाटेने प्रवास करतात, हे ध्यानात घेतले म्हणजे ही ताटातूट का घडते ते उमजते.

1918 सालचेच उदाहरण घ्या. पहिले महायुद्ध चालू होते आणि मुंबई हे मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या आघाडीला माणसे व रसद पाठविणारे प्रमुख बंदर होते. मे महिन्याच्या अखेरीस सैनिकांना घेऊन आलेली एक बोट मुंबईला लागली आणि 10 जून रोजी सात पोलीस शिपाई तापाने इस्पितळात दाखल झाले. हीच ती इन्फ्ल्यूएंझाची साथ. महाराष्ट्रातील जुनी माणसे तिला ‘मानमोडी’ म्हणत. सप्टेंबर-ऑक्टोबरमधील दुसरी लाट पहिलीपेक्षा कितीतरी घातक ठरली. 6 ऑक्टोबर या एकाच दिवशी मुंबईत 768 मृत्यूंची नोंद झाली. देशभरात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. त्यांत विशीपासून चाळिशीपर्यंतची, म्हणजे संसार चालविणारी माणसे फार होती.

आपली अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही तेव्हा मुंबई शहरात नव्हती. साष्टी बेटावरची, ठाणे जिल्ह्यातली ती गावे होती. मुंबई उपनगर जिल्हा 1920 साली वेगळा निघाला. साथीने देशभर पसरताना रेल्वेचाच रस्ता धरला, आणि मुंबईहून निघणारे दोन्ही लोहमार्ग या गावांतूनच जातात. लढाईसाठी जी बोट आणि जी आगगाडी, तीच रोगाचेही वाहन झाली.

आणि डॉक्टर कोठे होते? त्या काळची ‘इंडियन मेडिकल सर्व्हिस’ मुळात लष्करी सेवा होती. तिचे जे अधिकारी मुलकी इस्पितळांतून काम करीत, ते युद्धासाठी ठेवलेली राखीव फौजच होते. युद्ध सुरू होताच त्यांतील अनेकांना आघाडीवर बोलावण्यात आले; खाजगी व्यवसाय करणाऱ्या तरुण हिंदी डॉक्टरांनाही तात्पुरत्या नेमणुका देण्यात आल्या. सारांश, ज्या यंत्रणेने रोग घरापर्यंत आणला, तिनेच डॉक्टरला घरापासून दूर नेले. मागे राहिलेल्या घरांत शुश्रूषेचा भार स्त्रियांवर पडला. त्या साथीत हिंदुस्थानात पुरुषांपेक्षा स्त्रियांचे मृत्यूचे प्रमाण अधिक होते, याचे एक कारण अभ्यासक हेच देतात.

एकट्या डॉक्टरच्या वाट्याला काय येई, हे कॅप्टन कल्याणकुमार मुखर्जी या बंगाली डॉक्टरच्या चरित्रावरून दिसते. मेसोपोटेमियातील कूट येथे वेढ्यात सापडलेले इंग्रजांचे सैन्य 29 एप्रिल 1916 रोजी तुर्कांना शरण गेले, त्यांत ते होते. कैदेत असतानाच, 1917 च्या मार्चमध्ये, रास-अल-ऐन येथे टायफसच्या तापाने त्यांचा अंत झाला. आघाडीवरून त्यांनी आईला लिहिलेली पत्रे घरी जपून ठेवलेली होती. त्यांच्या आधारे त्यांची आजी मोक्षदादेवी हिने उतारवयात नातवाचे चरित्र लिहिले. ‘कल्याण-प्रदीप’ या नावाने ते 1928 साली प्रसिद्ध झाले. नातवाला वाचविणे आजीच्या हाती नव्हते. त्याची पत्रे वाचविणे मात्र होते.

मराठी वाचकाला यावरून डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवल्याशिवाय राहणार नाहीत. सोलापूरचा हा तरुण मुंबईच्या गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाला आणि 1938 साली पाच जणांच्या वैद्यकीय पथकातून युद्धग्रस्त चीनमध्ये गेला. नागपूरचे डॉ. चोळकर हेही त्या पथकात होते. चीनमध्ये पोहोचल्यावर काही महिन्यांतच कोटणिसांना वडील वारल्याची वार्ता कळली. ते परतले नाहीत. 9 डिसेंबर 1942 रोजी अपस्माराच्या झटक्यांनी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचा मुलगा चार महिन्यांचाही नव्हता. व्ही. शांताराम यांच्या 1946 च्या चित्रपटात त्यांची प्लेगशी झुंज दाखविली आहे. पडद्याला साथ लागते. प्रत्यक्षातला रोग साधा होता आणि सोलापूरच्या घरातले दुःखही साधेच होते: वडील गेले तेव्हा मुलगा नव्हता आणि मुलगा गेला तेव्हा घरचे कोणी जवळ नव्हते.

हे सारे जुने झाले असे कोणी म्हणेल. 2020 साली आमच्या मुलुंडच्या इमारतीतील एक काका लष्करी रुग्णालयात डॉक्टर होते, नेमणूक परराज्यात. ऑगस्टमध्ये त्यांच्या आईला कोरोना झाला. काकू दर चार तासांनी प्राणवायूचा आकडा फोनवर सांगत आणि काका तिकडून औषध सांगत. आजी बऱ्या झाल्या. पुढे एकदा मी काकांना म्हटले, “तुमचा केवढा आधार होता!” ते म्हणाले, “अरे, आकडा मला कळत होता, आणि आईचा हात मात्र धरता येत नव्हता.” पत्राला महिना लागे तेथे आता क्षणही लागत नाही. बातमी लवकर पोहोचते. माणूस अजूनही पोहोचत नाही.

तेव्हा अशा डॉक्टरांचा गौरव करताना ‘त्यांनी घराचा त्याग केला’ एवढ्यावर आपण थांबू नये. त्या घरानेही त्यांच्याविना साथ काढलेली असते. हा त्याग दोन बाजूंनी झालेला असतो. त्यांपैकी एकाच बाजूला पदक मिळते. दुसऱ्या बाजूची नोंद एखाद्या मोक्षदादेवीने ठेवली तरच उरते. आपल्या उपनगरांतील जुन्या घरांच्या ट्रंकांत अशी पत्रे अजून असतील. ती रद्दीत जाण्यापूर्वी आपण वाचावयास नकोत काय?