जुना शर्ट घेण्यात लाज कसली?

नोकरीच्या मुलाखतीचा कागद येतो. पण अंगावर धड शर्ट-पँट नाही आणि नव्याला पैसे नाहीत. अशा वेळी जुन्या कपड्यांचा बाजार उपयोगी पडतो. बोहारणी दारोदार भांडी देऊन कपडे घेतात. त्यांतलेच चांगले कपडे दुरुस्त होऊन, धुऊन, इस्त्री होऊन पुन्हा विक्रीला येतात.

घरातली वडीलधारी मंडळी मात्र नको म्हणतात. त्यांचे दुःख खरे आहे. चांडाळाने मृतांची वस्त्रे वापरावीत, असा नियम मनुस्मृतीच्या १०व्या अध्यायात आहे. तीच मनुस्मृती २५ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली महाडला जाळण्यात आली. पण लादलेली उतरण वेगळी आणि घामाच्या पैशाने, भाव करून, पारखून घेतलेला कपडा वेगळा.

म्हणून बंधूंनो, पारखायला शिका. कपडा उजेडात धरून पाहा. शर्टाची कॉलर, काखा आणि बटणे, पँटचे गुडघे, मागची बाजू आणि चेन तपासा. शर्टाची खांद्याची शिवण आपल्या खांद्यावरच बसली पाहिजे. लांबी, कंबर शिंपी सहज कमी करतो. खांदा बदलणे अवघड आणि खर्चाचे. घरी आणल्यावर सुती कपडा गरम पाण्यात साबणाने धुवा, कडक उन्हात वाळवा, मगच अंगात घाला.

शर्ट जुना असला तरी चालेल. तो स्वच्छ असावा आणि घालणाऱ्याची मान ताठ असावी. वाचलेल्या पैशांतून मुलांना वह्या-पुस्तके घ्या.