२७० मिनिटांचा हिशेब

आपल्या बऱ्याच घरांचा नकाशा सारखाच आहे: मुलं पुण्यात, बंगळुरात, आईवडील पांढुर्ण्यात, नाहीतर सौंसरात. लकवा हा शब्द तिथे सगळ्यांना माहीत आहे. त्यावर वेळेत मिळालं तर इंजेक्शन आहे, हे अजून घरोघरी पोचलेलं नाही.

मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली, तर ती विरघळवणारं औषध पहिल्या साडेचार तासांत देता येतं. आधी सीटी स्कॅन हवाच. रक्तवाहिनी फुटली तरी तोंड तसंच वाकडं होतं, हात तसाच लुळा पडतो, जीभ तशीच अडखळते. आणि तेव्हा हेच औषध जिवावर बेततं. म्हणून घरच्या घरी ॲस्पिरिनही देऊ नये.

आता हिशेब. (सॉफ्टवेअरवाल्यांना ही खोडच असते.) साडेचार तास म्हणजे २७० मिनिटं. पांढुर्ण्याहून नागपूर सुमारे १०० किलोमीटर. शहरातली गर्दी धरून १२० मिनिटं. रुग्णालयात पोचल्यापासून तासाभरात इंजेक्शन मिळावं, असा दंडक आहे. उरली ९०. सौंसरहून थोडी जास्त. यातच 'जरा पडू दे, उतरेल', तेलमालीश, गाडीची शोधाशोध आणि मुलाला फोन! शिवाय घड्याळ सुरू होतं ते माणूस शेवटचा ठणठणीत दिसला तेव्हापासून. रात्री दहाला झोपलेले बाबा पहाटे पाचला असे उठले, तर सात तास गेले असंच धरतात. तरी निघायचंच, मोठी गुठळी नळीने ओढून काढायचा उपाय काही रुग्णांना २४ तासांपर्यंत करता येतो.

२०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्यात आलं. नव्या जिल्ह्याकडे मागायचंच तर मी इमारतीआधी रात्रीही चालणारं सीटी स्कॅन आणि फोनवर सल्ला देणारा न्यूरॉलॉजिस्ट मागेन. हिमाचलात सरकारी रुग्णालयांतले डॉक्टर स्कॅनची चित्रं व्हॉट्सॲपवर तज्ज्ञांना दाखवून हे इंजेक्शन देऊ लागले, त्याला दशक उलटलं. तसं इथे झालं, तर इंजेक्शन आधी आणि नागपूर नंतर. ती १२० मिनिटं हिशेबातून वजाच होतात.

तोवर या रविवारी नागपूरच्या एखाद्या रुग्णालयाला फोन करून विचारा: रात्री दोनला सीटी होतो का, इंजेक्शन साठ्यात असतं का, आयुष्मान योजनेशी तुम्ही संलग्न आहात का? संलग्न असेल तर मध्य प्रदेशचं कार्ड तिथेही चालतं. मग तो नंबर आईच्या फोनमध्ये १०८ च्या शेजारी टाका.