महिला फिगर स्केटिंग : उडीचे गुण कसे ठरतात?

प्रस्तावना

२०१८ च्या प्याँगचांग हिवाळी ऑलिंपिकमध्ये महिला एकेरीच्या मुक्त सादरीकरणात अलिना झागितोवा आणि येवगेनिया मेदवेदेवा या दोघींना अगदी सारखे, म्हणजे १५६.६५ गुण मिळाले. सुवर्णपदक मात्र झागितोवाला मिळाले, कारण आधीच्या लघु सादरीकरणात ती १.३१ गुणांनी पुढे होती. अंतिम आकडे होते २३९.५७ आणि २३८.२६. एवढ्या थोड्या फरकाने ऑलिंपिक पदकाचा रंग बदलत असेल, तर ते गुण कोण, कशावरून आणि कसे देतो हे समजून घेतले पाहिजे. या पाठात आपण फक्त उड्यांचे गुणांकन पाहणार आहोत.

१. पार्श्वभूमी

पूर्वी प्रत्येक पंच ६.० पैकी गुण देत असे. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये जोडी प्रकारात पंचांवर दबाव आल्याचा आरोप झाला आणि दुसऱ्या जोडीलाही सुवर्णपदक द्यावे लागले. त्यानंतर आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने नवी पद्धत आणली. तिच्यात प्रत्येक उडीची किंमत आधीच छापलेली असते. एका पंचाच्या एकूण मतापेक्षा घटकागणिक हिशोबाला महत्त्व आले.

२. सहा उड्या, सहा किमती

सर्व उड्या एका पायावर, मागे सरकत, पात्याच्या बाहेरच्या कडेवर उतरतात. फरक असतो तो उडी घेण्यात. टो लूप, फ्लिप आणि लुट्झ या उड्यांत दुसऱ्या पायाच्या पात्याचे पुढचे दाते बर्फात रोवून उसळी घेतात. सालकाव, लूप आणि ॲक्सेल या उड्या कडेवरूनच घेतात. ॲक्सेल ही एकच उडी पुढे तोंड करून घेतली जाते, म्हणून तिच्यात अर्धी गिरकी जास्त असते. दुहेरी ॲक्सेल म्हणजे प्रत्यक्षात अडीच गिरक्या.

२०१८-१९ च्या हंगामात लागू झालेल्या तक्त्यातील काही आधारमूल्ये अशी :

तिहेरी टो लूप – ४.२
तिहेरी सालकाव – ४.३
तिहेरी लूप – ४.९
तिहेरी फ्लिप – ५.३
तिहेरी लुट्झ – ५.९
तिहेरी ॲक्सेल – ८.०
चौपट लुट्झ – ११.५

फ्लिप आणि लुट्झ दिसायला जवळजवळ सारख्या असतात. फ्लिप आतल्या कडेवरून घेतात, लुट्झ बाहेरच्या. लुट्झमध्ये पाय एका दिशेने वळत येतो आणि शरीर उलट दिशेने फिरते, म्हणून ती अवघड. ऐन उसळीच्या क्षणी पाय आतल्या कडेवर घसरला, तर चुकीच्या कडेची नोंद होते आणि आधारमूल्य ८० टक्क्यांवर येते.

३. दोन गट, दोन प्रश्न

पहिला गट तांत्रिक समितीचा. 'काय केले?' हा त्यांचा प्रश्न. उडी कोणती, गिरक्या किती, कड बरोबर होती का, हे ते ठरवतात. शंका आल्यास चित्रफीत संथ गतीने पुन्हा पाहतात. क्रिकेटमधला तिसरा पंच आठवा, म्हणजे त्यांचे काम लक्षात येईल.

दुसरा गट पंचांचा. मोठ्या स्पर्धांत ते नऊ असतात. 'कसे केले?' हा त्यांचा प्रश्न. उंची, लांबी, उतरण्यातली सहजता, संगीताशी मेळ हे पाहून प्रत्येक पंच उणे ५ ते अधिक ५ असा दर्जागुण देतो. एक पायरी म्हणजे आधारमूल्याच्या १० टक्के. सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा काढून टाकून उरलेल्यांची सरासरी घेतली जाते. एखाद्या पंचाने फार झुकते माप दिले तरी त्याचा परिणाम त्यामुळे मर्यादित राहतो.

४. सोडवलेले उदाहरण

एका काल्पनिक स्केटरची तिहेरी लुट्झ घेऊ. पंचांचे दर्जागुण : ३, ३, २, ४, ३, २, ३, १, ३.

४ आणि १ वगळले. उरलेल्या सातांची बेरीज १९, सरासरी २.७१४. एक पायरी ०.५९ ची, म्हणून दर्जागुणांचे मूल्य १.६०. एकूण ५.९० + १.६० = ७.५० गुण.

आता हीच उडी थोडी अपुरी राहिली असे माना. नियम असा :

• बरोबर पाव गिरकी कमी : आधारमूल्य पूर्ण, पण पंच दर्जागुण कापतात.
• पावापेक्षा जास्त, पण अर्ध्यापेक्षा कमी कसर : आधारमूल्य ८० टक्के.
• अर्धी किंवा जास्त कसर : एक गिरकी कमी धरली जाते. तिहेरी लुट्झची दुहेरी होते आणि तिचे मूल्य फक्त २.१.

मधल्या प्रकारात आधारमूल्य ४.७२ उरते. दर्जागुणांची सरासरी उणे २.१४३ आली, तर १.०१ वजा होऊन हाती ३.७१ गुण येतात. स्वच्छ उडीपेक्षा ३.७९ ने कमी. प्रस्तावनेतला १.३१ चा फरक याच्याशी ताडून पाहा. पात्याने बर्फाला नेमका कोणत्या कोनात स्पर्श केला, या एका निर्णयात पदक जाऊ शकते. तांत्रिक समितीचे निर्णय सर्वाधिक वादाचे का ठरतात, ते इथे कळते.

पडल्यास दर्जागुण उणे ५ पर्यंत उतरतो आणि एकूण गुणांतून आणखी १ गुण जातो. तिहेरी लुट्झवर पडणारीच्या हाती ५.९० – २.९५ – १ = १.९५ गुण उरतात, म्हणजे साध्या दुहेरी लुट्झपेक्षाही कमी.

५. नियम आणि डावपेच

स्केटर नियम वाचून कार्यक्रम आखतात, मग नियम बदलतात. १९८२ च्या जागतिक स्पर्धेत अमेरिकेच्या इलेन झायाकने सहा तिहेरी उड्या मारून विजेतेपद मिळवले. त्यांपैकी चार एकाच प्रकारच्या, टो लूप, होत्या. पुढे पुनरावृत्तीवर बंधन आले. तो नियम आजही तिच्याच नावाने ओळखला जातो.

झागितोवाचे उदाहरण असेच आहे. २०१८ पर्यंत कार्यक्रमाच्या उत्तरार्धातील प्रत्येक उडीचे आधारमूल्य १० टक्क्यांनी वाढत असे. तिने मुक्त सादरीकरणातील सातही उडी-घटक उत्तरार्धात ठेवले. तिचे तांत्रिक गुण ८१.६२ झाले, मेदवेदेवाचे ७९.१८. सादरीकरणाच्या गुणांत मेदवेदेवा ७७.४७ विरुद्ध ७५.०३ अशी पुढे होती. बेरीज दोघींची सारखीच. थकलेल्या पायांनी उडी मारणे खरोखर अवघड, म्हणून बक्षीस योग्य, असे एक मत. पूर्वार्ध रिकामा राहून कार्यक्रमाचा तोल जातो, असे दुसरे. २०१८-१९ पासून ही वाढ लघु सादरीकरणात शेवटच्या एका आणि मुक्त सादरीकरणात शेवटच्या तीन उडी-घटकांपुरती ठेवली गेली. झागितोवाने नियम मोडला नव्हता. तिने तो पूर्ण वापरला होता.

२०२२ च्या बीजिंगमध्ये अलेक्झांड्रा त्रुसोवाने मुक्त सादरीकरणात पाच चौपट उड्या घेऊन १७७.१३ असे सर्वाधिक गुण मिळवले. तरी एकूण २५१.७३ गुणांसह ती दुसरी आली. आन्ना श्चेरबाकोवा २५५.९५ गुणांनी जिंकली. जपानच्या काओरी साकामोतोने एकही चौपट उडी किंवा तिहेरी ॲक्सेल न घेता कांस्यपदक मिळवले. महाग उड्या मोजक्या किंवा स्वस्त उड्या उत्तम, दोन्ही मार्ग या पद्धतीत खुले आहेत.

सारांश

उडीचे गुण = तांत्रिक समितीने निश्चित केलेले आधारमूल्य + पंचांच्या दर्जागुणांचे सरासरी मूल्य. पहिला भाग नियमांवर, दुसरा जाणकारीवर उभा आहे. पण माणसाची नजर दोन्हींत आहे, हे विसरू नका.

स्वाध्याय

१. मुक्त सादरीकरणातील शेवटच्या तीन उडी-घटकांपैकी एक तिहेरी फ्लिप आहे. दर्जागुणांची सरासरी अधिक २ आहे. वाढ फक्त आधारमूल्यावर मिळते हे लक्षात घेऊन एकूण गुण काढा. (उत्तर : ६.८९)
२. चौपट लुट्झवर पडणारी आणि तिहेरी टो लूप स्वच्छ पण सामान्य दर्जाने, म्हणजे शून्य दर्जागुणांनी, करणारी यांत कोणाला जास्त गुण मिळतील? हे तुम्हाला न्याय्य वाटते का? कारणे द्या.
३. सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा वगळल्याने पक्षपात पूर्णपणे टळतो का? तीन पंच संगनमताने गुण देत असतील, तर काय होईल ते उदाहरणाने दाखवा.